नऊ खांबांचं घर

बळीराम पेठ, जळगाव
२ जुलै २०२५

आदरणीय अन्वरचाचा,

सलाम. मी विधी, दलिचंद शेठजींची नात. भांड्यांच्या दुकानावर राहतो ते आम्हीच. तुम्ही आमचं घर बांधलंत त्यानंतर बारा वर्षांनी मी जन्मले, त्यामुळे ओळख लागली नाही तरी माझी तक्रार नाही. फोनच करणार होते, पण पप्पा म्हणाले, मिस्त्रींना आता ऐकू येत नाही. तबस्सुमदीदींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मोबाईलवरचं अब्बा वाचत नाहीत, कागद पाठव. म्हणून हा कागद. आयुष्यातलं पहिलंच पत्र आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

काम असं आहे. मी सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी प्रत्येकाला आपापल्या भागातल्या चाळीस इमारती दिल्यात. उद्या भूकंप झालाच तर कोणत्या घराचं किती नुकसान होईल, याचा अंदाज बांधायचा. काही फोडायचं नाही. बाहेर उभं राहून बघायचं, घरमालकाला चार प्रश्न विचारायचे, फॉर्म भरायचा आणि घराला वर्ग द्यायचा. मातीच्या भिंतींचं घर 'अ', विटांच्या भिंतींनी तोललेलं 'ब', खांब आणि बीमच्या सांगाड्यावर उभं असलेलं 'क'. अ म्हणजे सगळ्यात जास्त धोका. हे पेठेत कोणाच्या गळी उतरत नाही. मागच्या गल्लीतले गिरधरकाका त्यांच्या मातीच्या घराला 'अ' मिळाला म्हणून मला पेढे देऊन गेले. मी समजावायला गेले, तर म्हणाले, "भेटला ना? मग झालं."

एकोणचाळीस घरं झाली. चाळिसावं आमचं, आणि तिथेच घोडं अडलं. समोरून खांब दिसतात म्हणून 'क' लिहिलं. मागे गेले तर स्वयंपाकघराच्या भिंती दीड फूट जाड, म्हणून खोडून 'ब' लिहिलं. पप्पा म्हणतात, "आरसीसी आहे, लिही आणि मोकळी हो." नकाशा मागितला तर म्हणतात, तो दादाजींच्या डोक्यात होता. दादाजींना जाऊन अकरा वर्षं झाली.

नुसत्या फॉर्मचा प्रश्न असता तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. पण डिसेंबरात रोनकदादाचं लग्न आहे आणि त्याच्यासाठी वर आणखी एक मजला चढवायचा बेत आहे. ठेकेदार बघून गेला. म्हणाला, खांब भरपूर आहेत, एक काय, दोन मजले चढवा. दिवाळीच्या आत स्लॅब टाकायचा म्हणतात. घरात सिव्हिलवाली मी एकटीच, म्हणून जो तो मला विचारतो, "चालेल ना गं?" आणि मला आमचं घर कोणत्या वर्गातलं तेच कळेना. घराला वरचा भार पेलणार नसेल तर भूकंपाची वाटसुद्धा बघावी लागणार नाही. खाली दुकानात दिवसभर माणसं असतात, आणि वर आम्ही झोपतो.

मला भीती वाटते, चाचा. एवढंच सांगा, आमचं घर कशावर उभं आहे?

आपली,
विधी

---

देवपूर, धुळे
७ जुलै २०२५

विधी बेटा,

खूप दुआ. मी बोलतोय आणि तबस्सुम लिहितेय. माझं शिक्षण उर्दू चौथी, आणि आता हात थरथरतो. ती शाळेत शिकवते, त्यामुळे माझं बोलणं सुधारून लिहिते. मला ते आवडत नाही, पण करतो काय.

आधी हे सांग, कोणी तक्रार केली का? फॉर्म, धोका, नुकसान, असे शब्द तुझ्या पत्रात फार आले. तेहतीस वर्षांनी कोणी मिस्त्रीला विचारत नाही. विचारतात तेव्हा काहीतरी पडलेलं असतं. भिंतीला भेग गेली असेल तर सरळ लिही, गोड बोलू नकोस. तुझे दादाजीही आधी चहा पाजायचे आणि मग चूक दाखवायचे.

तुझं घर नऊ खांबांवर उभं आहे. गिरणेची वाळू, पाचोऱ्याचे मजूर आणि माझा हात. मागच्या जाड भिंती हा शेठजींचा हट्ट. स्वयंपाकघर उन्हाळ्यात गार राहावं म्हणून घालायला लावल्या. घराचा भार त्यांच्यावर नाही. पाये घेतानाच शेठजी म्हणाले होते, "मिस्त्री, नातवंडांसाठी वर एक मजला चढेल असं करून ठेवा." एक म्हणाले होते, दोन नाही. तो ठेकेदार कोण आहे?

(अब्बा इथे ठेकेदाराबद्दल आणखी दोन शब्द बोलले. ते मी लिहिलेले नाहीत. – तबस्सुम)

पण बेटा, मजल्याची एवढी घाई कशाला? लग्न होऊ दे. सून येऊ दे, तिलाही विचारा. घर काही कुठे पळून जात नाही.

अन्वर मिस्त्री

---

जळगाव
११ जुलै २०२५

आदरणीय चाचा,

भेग नाही, तक्रार नाही, काही पडलेलं नाही. शपथ घेऊन सांगते. पण तुमचं पत्र वाचून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला, कारण आमच्या घराला नऊ खांब नाहीत. चौदा आहेत!

मी तीनदा मोजले. रोनकदादाने मोजले. पप्पांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या मोजले, त्यांचे तेरा भरले, कारण एक त्यांच्याच पाठीमागे होता. ठेकेदाराचेही चौदाच. तो म्हणाला, "मिस्त्री म्हातारे झाले, विसरले असतील." मला ते आवडलं नाही, पण खरं सांगते, मनात शंका आली. नऊ आणि चौदा यांत फार फरक आहे. चौदा खरे असतील तर त्याचा हिशेब बरोबर आणि माझी भीती फुकटची. नऊच खरे असतील तर उरलेले पाच काय आहेत? सगळ्यांवर एकसारखी फरशी लावली आहे. जुळ्या भावांची रांग उभी केल्यासारखे दिसतात. ठेकेदाराने नव्या मजल्याच्या भिंतींच्या खुणा केल्यात, त्यांतल्या दोन भिंती कोणत्या खांबांवर येणार हे मला त्या फरशीमुळे कळत नाही.

पप्पांना विचारलं, नंतर खांब वाढवले का? ते म्हणाले, खांब कोणी वाढवतं का? मग ते गिऱ्हाइकाकडे वळले.

चाचा, रागावू नका. तुम्हाला नक्की नऊच आठवतात?

विधी

---

धुळे
१६ जुलै २०२५

विधी बेटा,

मी म्हातारा झालो हे खरं. काल चष्मा कपाळावर ठेवून तासभर चष्मा शोधला. पण खांब मी विसरत नाही. नऊ. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. पाच कोणी जन्माला घातले ते तुझ्या पप्पांना विचार. फरशी लावलेल्या वर्षी मी तिथे नव्हतो.

आता मी सांगतो तसं कर. पाव किलोची हातोडी घे, मोठी नको. प्रत्येक खांब गुडघ्याच्या उंचीवर, कमरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर, असा तीन ठिकाणी हलकेच वाजव. भरलेला खांब एक आवाज देतो, पोकळ खांब दुसरा देतो, आणि विटांचा खांब तिसरा. आम्ही नवीन साइटवर गेलो की आधी हेच करायचो. मला ते आवाज आता ऐकू येणार नाहीत, म्हणून तू कागदावर लिहून पाठव. भांड्यांच्या दुकानातल्या मुलीला आवाज कसा आहे ते सांगता यायला हवं.

जिन्याजवळचा खांब राहू दे. तो वाजवू नकोस. तो माझ्या माहितीतला आहे.

अन्वर मिस्त्री

(मी त्यांना म्हटलं, जळगावला जाऊन स्वतःच बघून या, दोन-अडीच तासांची तर बस आहे. नको म्हणाले. एरवी कुठे लग्न निघालं की सगळ्यांच्या आधी तयार होतात. – तबस्सुम)

---

जळगाव
२४ जुलै २०२५

आदरणीय चाचा,

दोन दिवस दुकानात ठकठक केली. गिऱ्हाइकांना वाटलं, पितळ तपासायची नवी पद्धत आली. एक बाई म्हणाल्या, "माझा हंडापण वाजवून दे गं."

आवाज लिहिते. समोरचे तीन: रिकाम्या डब्याला टिचकी मारल्यासारखे. यांच्याबद्दल शंका नाही, हे सोंग आहेत. मधली ओळ आणि कडेचे बहुतेक: पाण्याने काठोकाठ भरलेल्या पिंपासारखा आवाज, बसका. हे खरे असावेत. मागचे दोन मात्र खाली भरल्यासारखे, कमरेजवळ रिकामे, आणि डोक्याच्या वर पुन्हा भरल्यासारखे वाजतात. आणि डावीकडच्या कोपऱ्यातला, जो नक्की खरा असणार, तो सगळीकडे डब्यासारखाच वाजतो! मग लक्षात आलं, त्याची फरशीच आतून सुटली आहे. म्हणजे मी खांब वाजवत होते की फरशी?

आता माझी यादी अशी: खरे सात, खोटे तीन, आणि तीन कसले ते देव जाणे. जिन्याजवळचा तुम्ही सांगितलंत म्हणून सोडला. सातांत तो मिळवला तर आठ होतात, नऊ होत नाहीत. सरांना यादी दाखवली, ते म्हणाले, "फॉर्ममध्ये 'क' लिही, सगळे तेच लिहितात." मला ते जमेना. ज्या एकोणचाळीस घरांना मी रस्त्यावरून बघून वर्ग दिले, त्यांच्याबद्दलही आता खात्री वाटत नाही.

रोनकदादा वैतागलाय. म्हणतो, तू शिकतेस की जादूटोणा करतेस?

विधी

---

धुळे
२९ जुलै २०२५

विधी बेटा,

फरशीचं माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या वेळी खांब उघडे असायचे.

मग सूत लाव. मी खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत साडेदहा फूट ठेवले होते, दोन्ही बाजूंनी. शेठजींचे भांड्यांचे रॅक दहा फुटांचे होते, ते दोन खांबांच्या मध्ये सरकले पाहिजेत म्हणून. मधल्या ओळीतला जो खांब नक्की खरा वाजतो, त्याच्यापासून मोजायला सुरुवात कर आणि चारही दिशांना सूत ताण. जिथे साडेदहावर खांब सापडेल तो माझा. सुतातून बाहेर पडेल तो माझा नाही, मग तो कसाही वाजो.

तू भीतीपोटी का होईना, विचारतेस, हे चांगलं करतेस. 

अन्वर मिस्त्री

---

जळगाव
६ ऑगस्ट २०२५

आदरणीय चाचा,

नऊ! नऊ! नऊ!

तुमचं सूत एक बोटभरसुद्धा हललं नाही. साडेदहावर खांब, पुन्हा साडेदहावर खांब. डब्यासारखा वाजणारा कोपऱ्यातला खराच निघाला. बाकीचे पाच सुतातून बाहेर. पप्पा ते सूत बघत उभे होते आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे हो, दुकानाला नवीन रूप दिलं तेव्हाचे!" समोरचे तीन शोभेसाठी उभे केलेले, आत नुसता पाइप. मागचे दोन म्हणजे पाण्याच्या नळांभोवती बांधलेल्या विटा. चौदा वर्षं रोज बघून त्यांना ते खांबच वाटायला लागले होते. ठेकेदाराच्या नव्या मजल्याची मागची भिंत नेमकी त्या नळांच्या विटांवर येत होती. हे बघून आईने देवापुढे दिवा लावला. तुमचे उपकार कसे मानू ते कळत नाही.

ठेकेदाराने आता नवा आराखडा केलाय. दोन मजले नाहीत, एकच, आणि तोही तुमच्या नऊ खांबांवर. वरची पाण्याची मोठी टाकी आणि जिन्याची खोली यांचा भार सगळ्यात जास्त. तो कुठे द्यायचा यावर वाद झाला, तेव्हा मीच म्हटलं, जिन्याजवळच्या खांबावर द्या. बाकीच्यांची मी सुताने खात्री केली, पण या एकाची खात्री मला लहानपणापासून आहे. दादाजी ती गोष्ट घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. हा खांब भरत होते त्या दिवशी हसीनाचाची दवाखान्यात होत्या, निरोपावर निरोप येत होते, पण मिस्त्रींनी खांब अर्धा सोडला नाही, पूर्ण भरला आणि मगच लेकीचं तोंड बघायला गेले. दादाजी त्या खांबावर हात ठेवून म्हणायचे, "काम असं असतं." तुम्ही पत्रात लिहिलंत ना, तो माझ्या माहितीतला आहे, तेव्हा मला हेच आठवलं.

१८ ऑगस्टला काम सुरू. मी फॉर्मवर पेनाने 'क' लिहिलं. आता खोडणार नाही.

तुमची,
विधी

---

धुळे
१० ऑगस्ट २०२५

विधी बेटा,

काल तबस्सुमने फोन करून तुला एवढंच सांगितलं की टाकीचं काम थांबवा, कारण पत्रात येईल. ते कारण तिलाही माहीत नव्हतं. तिला ते आत्ता लिहिता लिहिता कळेल. तबस्सुम, मध्ये थांबायचं नाही. हेही लिही.

तुझ्या दादाजींनी सांगितलेली गोष्ट खोटी आहे. ते खोटं बोलले नाहीत. मी बोललो.

रमजानचा महिना होता. आम्ही दुपारी जिन्याजवळचा खांब भरायला घेतला. छातीपर्यंत भरून झाला आणि निरोप आला की हसीनाची तब्येत बिघडली आहे, डॉक्टर बोलवतायत. मी पाटी टाकली आणि पळालो. मजुरांना काय सांगितलं तेही आठवत नाही. बहुतेक 'राहू द्या' म्हणालो. दवाखान्यात मला आत सोडलं नाही. मी अंगणात बसून राहिलो. तीन तास, चार तास. खांब डोक्यातसुद्धा नव्हता.

सूर्य मावळताना, मगरिबच्या वेळेला पोरगी झाली. नर्सने दारात आणून दाखवली. तेवढ्यात तुझे दादाजी आले, माझा रोजा सोडायला खजूर घेऊन. ते जैन, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसत आणि मी सूर्यास्तानंतरच घेणार होतो. मला खजूर देत त्यांनी हसत विचारलं, "काय मिस्त्री, खांब भरला ना?" मी म्हणालो, "भरला शेठजी, भरूनच आलो." का म्हणालो, ते तेहतीस वर्षं स्वतःला विचारतोय. त्यांनी खजूर आणले होते. अर्धा सोडला असं म्हणायला जीभ वळली नाही. सासू शेजारी उभी होती. ती म्हणाली, "पोरीपेक्षा खांब मोठा झाला याला." मी मान खाली घातली. तिला तरी कसं सांगू, शेठजी समोर होते.

दुसऱ्या दिवशी शेठजी यायच्या आत खांब पूर्ण करायचा होता. सिमेंटच्या गोण्या कुलपात, किल्ली शेठजींकडे. किल्ली मागितली असती तर त्यांनी विचारलं असतं, कालच भरला ना? मग गोणी कशाला? आदल्या दिवशी कालवलेला माल उरला होता. तो रात्रभरात घट्ट झाला होता. मी त्यात पाणी ओतलं, फावड्याने फोडला, पुन्हा कालवला आणि तोच वरच्या अर्ध्यात भरला. बेटा, घट्ट झालेला माल मेलेला असतो. तू शिकतेस, तुला माहीत असेल. वरून प्लॅस्टर केलं की सगळे खांब सारखेच दिसतात.

शेठजींनी ती गोष्ट पेठभर केली. तिच्या जोरावर मला जळगावात, भडगावला, पार दोंडाईच्यापर्यंत कामं मिळाली. एक सोडून बाकी कुठल्याही कामात मी हात आखडला नाही. दर वेळी ठरवायचो, शेठजींना सांगू. मग ते गेले. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, देवानेच कोणाला तरी पाठवलं. तरी तीन पत्रं मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. तू त्या खांबावर सगळ्यात जास्त भार द्यायला निघालीस, ते माझ्या नावावर विश्वास ठेवून.

त्याच्यावर टाकी देऊ नका. मजलाही चढवू नका. जमीन हलली तर आधी तोच जाईल. फॉर्ममध्ये काय लिहायचं ते तू ठरव, माझं नाव घालायला हरकत नाही.

अन्वर

(शेवटच्या पानाचं अक्षर वाईट आलंय. माफ कर. – तबस्सुम)

---

जळगाव
२० ऑगस्ट २०२५

आदरणीय चाचा,

पत्र घरात मोठ्याने वाचलं. मग रोनकदादा म्हणाला, म्हाताऱ्याला काहीतरी भास होतोय, फोडून बघू. फोडलं. छातीपर्यंत छिन्नी टणकन उडत होती. तिथून वर गेली आणि स्क्रू-ड्रायव्हरनेसुद्धा वाळू गळायला लागली. ठेकेदार बाहेर जाऊन उभा राहिला.

मजला रद्द झाला. रोनकदादा माझ्याशी तीन दिवस बोलला नाही, जणू खांब मीच पोकळ केला. मग त्याची होणारी बायको चेलना हिनेच फोन करून सांगितलं की मागची खोली चालेल, डोक्यावर छप्पर राहिलं म्हणजे झालं. सरांनी त्यांच्या ओळखीचे एक इंजिनीअर पाठवले. खांबाभोवती नवीन सळया बांधून काँक्रीटचं जाड आवरण घालायचं ठरलंय, तोपर्यंत लोखंडी टेकू लावलेत. जिन्याने आम्ही एकेक जण चढतो.

पप्पांचं मला कळत नाही. तुमच्यावर चिडावं असं त्यांना वाटतं आणि चिडता येत नाही. काल म्हणाले, "बाबूजींनी ही गोष्ट मला शंभर वेळा सांगितली. मी कधी आळस केला की हाच खांब दाखवायचे." मग म्हणाले, "आणि आपण चौदा वर्षं पाइपाला खांब समजत होतो, ते आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं." मीही गोंधळलेलीच आहे, चाचा. तुम्ही आम्हाला फसवलंत आणि वाचवलंत, दोन्ही एकाच खांबाने. मी रडले, पण कशासाठी ते सांगता येत नाही.

'क' मी पेनाने लिहिला होता, तरी खोडला. खाली शेरा लिहिला: जिन्याजवळचा खांब वरच्या अर्ध्यात कच्चा, ज्या मिस्त्रींनी बांधला त्यांनी स्वतः सांगितलं. सर म्हणाले, चाळीस फॉर्ममध्ये खात्रीची माहिती असलेला हा एकच. मला त्यात आनंद वाटला नाही. बाकीच्या एकोणचाळीस घरांचे मिस्त्री कुठे आहेत, आणि त्यांनी काय केलंय, ते मी कोणाला विचारू?

पप्पांचा निरोप आहे. काम १ सप्टेंबरला सुरू होईल. त्या दिवशी मिस्त्री उभे राहिले तर बरं होईल. दीदींनाही घेऊन या.

विधी

---

धुळे
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय विधी,

हे पत्र माझं आहे. अब्बा पलीकडे झोपलेत.

१ तारखेला आम्ही दोघं येतो. मी शाळेत रजा टाकली आहे. अब्बांनी ओळंबा आणि जुनी थापी काढून ठेवली आहे. मी म्हटलं, तुम्हाला फक्त उभं राहायचंय. ते म्हणाले, उभं राहायलाही हातात काहीतरी लागतं.

तू कशासाठी रडलीस ते तुला कळलं नाही, मलाही माझं कळत नाही. मी लहान असताना अब्बा उशिरा घरी आले की अम्मी म्हणायची, "तुझ्या अब्बाला तू झालीस तेव्हाही खांब सुटला नव्हता." भांडण झालं की हेच. मस्करीतही हेच. मला ते इतकं पटलं होतं की शाळेच्या बक्षीस समारंभाला मी त्यांना कधी बोलावलं नाही. येणार नाहीत असं धरूनच चालायचे. माझा निकाह ठरला तेव्हाही तारीख त्यांना शेवटी सांगितली. ते कधी काही बोलले नाहीत, आणि मला वाटायचं, यांना फरक पडत नाही.

आणि मग ते सांगतात की त्यांनी पाटी टाकली आणि पळाले. माझ्यासाठी पळाले. चार तास अंगणात बसले. हे मला माझ्याच हाताने लिहायला लावलं. लिहिताना मी दोनदा थांबले आणि ते दोन्ही वेळा म्हणाले, लिही. तुमचं घर त्यामुळे कच्चं राहिलं याचं मला फार वाईट वाटतं. आणि त्याच वेळी मला इतका आनंद होतो की त्याची लाज वाटते. मला हे तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या समोर धरलं: अम्मीला का नाही सांगितलं? तिने जन्मभर टोमणे मारले आणि तुम्ही ऐकून घेतले.

ते म्हणाले, आधी शेठजींना सांगायचं आणि मग तिला, असं ठरवलं होतं. शेठजींना सांगायचं राहिलं, म्हणून तिलाही राहिलं. मग ती गेली.

अम्मीला जाऊन तीन वर्षं झाली. अब्बा दर शुक्रवारी नमाजानंतर कब्रस्तानात जातात, आमच्याकडे बायका जात नाहीत. मी वहीवर लिहिलं: या शुक्रवारी तरी तिला सांगा.

त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाले, "दर शुक्रवारी सांगतो. ती काय म्हणते ते मला ऐकू येत नाही."

तुझी,
तबस्सुम